बदामाचा पंचनामा

आमच्या गल्लीतल्या पालिका शाळेच्या भिंतीवर गेल्या महिन्यात एक बदाम उगवला. कोळशाने काढलेला, दोनेक फुटांचा, आरपार बाण. बाणाच्या एका टोकाला 'एस', दुसऱ्या टोकाला 'पी'. शाळेचे शिपाई मामा सकाळी सात वाजता चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन भिंतीपाशी पोचले. कुंचा बुडवणार, तोच पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून अप्पा ओरडले, "मामा, हात लावू नका! पुरावा आहे तो!"

अप्पांना तीन गोष्टी कडक लागतात: चहा, इस्त्री आणि शिक्षा. त्यातली तिसरी या देशात कडक मिळत नाही, हे त्यांचं दुःख. दुपारपर्यंत त्यांनी निवेदन लिहिलं, संध्याकाळपर्यंत बेचाळीस सह्या जमवल्या. मागणी एकच, भिंती खराब करणाऱ्यांची शिक्षा वाढवा.

मी भीत भीत म्हटलं, "अप्पा, कायदा आहे की. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा, 1995 सालचा. तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड."

"दोन हजार? हल्ली तेवढ्यात चौघांचं जेवण होत नाही हॉटेलात! दिल्ली बघा. 2007 सालीच कायदा केला. एक वर्षापर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. याला म्हणतात धाक!"

बेचाळिसावी सही माझीच होती, म्हणून वाद वाढवला नाही. घरी येऊन वाणसामानाच्या वहीत हिशेब मात्र मांडला.

जमेच्या बाजूला लिहिले पन्नास हजार. आरोपी सापडला, तर. दोषी ठरला, तर. आणि त्याच्यापाशी पन्नास हजार असले, तर. ज्याला रंगाचा डबा परवडला नाही म्हणून कोळसा उचलावा लागला, त्याच्याकडून पन्नास हजार वसूल व्हायचे म्हणजे आईचं मंगळसूत्र गहाण पडायचं. ते पडलं नाही, तर पोरगा दंडाच्या बदल्यात आणखी काही दिवस आत. म्हणजे जमेची रक्कम उचलून खर्चाच्या बाजूला.

आता खर्च. पहिला, पंचनामा. एक हवालदार, एक शिपाई, दोन पंच. पंच म्हणून कोपऱ्यावरचा चहावाला आणि इस्त्रीवाला, म्हणजे अप्पांच्या दोन कडक गोष्टी तासभर बंद. मजकूर मला आत्ताच दिसतो: "सदर बदाम जमिनीपासून अंदाजे चार फूट उंचीवर असून बाण डावीकडून उजवीकडे शिरलेला आहे. बाणाच्या टोकाखाली थेंबासारखी आकृती दिसून येते. सदर थेंब रक्ताचा की अश्रूचा याबाबत पंचांत एकमत झाले नाही. घटनास्थळी कोळशाचा तुकडा नग एक मिळून आला, तो कागदी पुडीत सीलबंद करून ताब्यात घेतला."

मग सीसीटीव्ही पाहायला एक माणूस. शाळेच्या पटावर नावाचं आद्याक्षर 'एस' असलेली पोरं शोधायला दुसरा. मराठी मुलखात 'एस' शोधायचे म्हणजे संदीप, सचिन, सागर, सूरज, स्वप्निल. निम्मा वर्ग ठाण्यात. तेवढा वेळ गल्लीतल्या चोरांनी सहकार्य करायचं.

मग कोर्ट. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून जास्त खटले तुंबलेले आहेत. त्यांच्या शेपटाला आमचा बदाम. फिर्यादीची बाजू मांडायला सरकारी वकील. आरोपी कोठडीत असेल तर त्यालाही मोफत वकील मिळण्याचा हक्क. 1987 सालच्या कायद्यानेच तो दिला आहे आणि योग्यच आहे. म्हणजे भांडणारे दोन्ही वकील आपल्या पैशाचे, ऐकणारे न्यायाधीश आपल्या पैशाचे, आणि ज्या भिंतीवरून भांडण, ती भिंतही आपल्याच पैशाची. तारखा पडत जातील. तोवर 'एस'चं लग्न होईल, 'पी'शी नव्हे, आणि साक्षीच्या दिवशी त्याची बायको पहिल्यांदाच विचारेल, "ही 'पी' कोण?" पुढचा खटला कौटुंबिक न्यायालयात. तोही आपल्याच खर्चाने.

शेवटी तुरुंग. मुंबईचा आर्थर रोड तुरुंग वर्षानुवर्षं क्षमतेच्या कितीतरी पट भरलेला. तिथे झोपायला कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारावं लागतं. अशा ठिकाणी कोळसेवाल्याला वर्षभर दोन वेळचं जेवण, चहा, औषधपाणी आणि पहारा. बरोबर राहायला जुनेजाणते गुन्हेगार. बाहेर येईल तेव्हा भिंतीवर लिहिणार नाही, ती फोडायला शिकलेला असेल.

गंमत पुढेच आहे. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, गुन्हा पहिलाच, माल परत केला, तर समाजसेवा. आता 'एस'ला एखाद्या वकिलाने वेळीच सल्ला द्यायला हवा होता: बाळा, शाळेची घंटा चोर, परत आणून दे, अंगण झाडून घरी जा. बदाम काढलास तर मात्र तुरुंगाची तरतूद आहे.

"पण धाक?" अप्पा विचारतातच. धाकाचा अनुभव आपल्याला जुना आहे. संरक्षित स्मारकांची नासधूस केली तर 1958 च्या कायद्यात तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड होता. 2010 मध्ये तो दोन वर्षं आणि एक लाखापर्यंत नेला. मी गेल्या पावसाळ्यात एका गडावर गेलो होतो. पायथ्याशी ही शिक्षा सांगणारा फलक आहे. 'एक लाख' या शब्दांवरच कुणीतरी किल्लीने बदाम कोरलाय. म्हणजे वाचूनच कोरलाय. साक्षरता वाढली, एवढं खरं.

आणि अप्पांची दिल्ली? तिथे वर्षभराची कैद आणि पन्नास हजारांचा दंड आहे. तरी 2024 मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थी संघटनेच्या निवडणुकीत उमेदवारांनी भिंती, खांब, पूल नावांनी असे माखले की दिल्ली उच्च न्यायालयाने मतमोजणीच थांबवली. आधी घाण साफ करा, मग निकाल. मतदान 27 सप्टेंबरला झालं, निकाल लागला 25 नोव्हेंबरला. इतक्या वर्षांच्या कलमाने जे जमलं नाही, ते अडवलेल्या निकालाने दोन महिन्यांत जमवलं. कुणाला तुरुंगात धाडलं नाही. ज्याने घाण केली त्याच्या हातात बादली दिली. पण यात कडकपणा कुठाय? अप्पांना हे फिकट वाटतं, बिनसाखरेचं.

शिक्षा वाढवण्याचं मोठं सुख म्हणजे ती वाढवताना काहीच खर्च येत नाही. तीनच्या जागी बारा लिहायला शाई तेवढीच लागते. टाळ्या आजच मिळतात आणि बिल येतं तेव्हा सभागृहात दुसरेच बसलेले असतात. भिंत पुसायला मात्र रोज माणूस लागतो, आणि भिंत पुसणाऱ्याचा सत्कार कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

काल शाळेवरून गेलो. पुरावा म्हणून राखलेल्या बदामाला आता शेजार मिळालाय. 'एन' आणि 'आर', 'के' आणि 'एम', शिवाय एका खाजगी क्लासची जाहिरात, मोबाईल नंबरासकट. जी भिंत कुणी पुसत नाही ती सगळ्यांची पाटी होते, हे पोरांना न शिकवता कळतं. मामा फाटकापाशी बसले होते.

मी विचारलं, "मामा, त्या दिवशीच्या चुन्याला खर्च किती आला होता?"

"चाळीस रुपये. अर्ध्या तासाचं काम." मग थोडं थांबून म्हणाले, "साहेब, चुना लागणारच होता. भिंतीला लागू दिला नाहीत, आता तिजोरीला लागेल."

फाटकामागे ती बादली तशीच होती. चुना वाळून दगड झालेला, आणि त्यात कुंचा उभाच्या उभा रुतलेला.