दहावं पीस

कबुतराच्या प्रत्येक पंखाला नऊ मोठी पिसं असतात, असं पाळकसाहेबांनी ठासून सांगितलं. त्या वेळी चर्चच्या पत्र्याखालच्या कैचीवर चार-पाच पारवे बसलेले होते, पण मान वर करून पाहिलं मात्र कुणी नाही. सगळे वहीत लिहून घेत होते.

नऊच का, तर एका पंखाची नऊ म्हणजे पवित्र आत्म्याची नऊ कृपादानं. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय बारा. दुसऱ्या पंखाची नऊ म्हणजे आत्म्याच्या फळाचे नऊ गुण. गलतीकरांस पत्र, अध्याय पाच. शेपटीची पिसं पाच, कारण इफिसकरांस पत्रात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक असे पाच सेवक सांगितले आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी आत्मा कबुतरासारखा उतरला, तो उगाच नाही. सगळं आधीच मोजूनमापून ठेवलेलं होतं.

मला शेजारच्या मावशींनी नेलं होतं. त्या माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "सर, तुमी तं पाखरायबद्दल शिकवत होते. बरोबर हाय नं?"

मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. आमच्या काळी बी.एस्सी.ला कबुतर चिरावं लागे, म्हणून माझी आणि त्याची ओळख आतून आहे. तरी देवाच्या घरात बसून पाळकांचं गणित खोडायचं म्हणजे लग्नात जाऊन पत्रिका तपासल्यासारखं. मी "पाहून सांगतो" म्हणालो. मांजराच्या कृपेने लवकरच आमच्या अंगणात एक पारवा पडला आणि मी त्याचा पंख वर्तमानपत्रावर पसरला. पंखाच्या टोकाकडची मोठी पिसं दहा भरली. दुसऱ्या पंखाचीही दहा. शेपटीची बारा. पुस्तकातही हेच आकडे आहेत.

मला खरं वाईट वाटलं ते पाळकसाहेबांसाठी. एकदा मोजलं असतं तर दहा आज्ञा आणि बारा शिष्य आयते हाती लागले असते! इस्राएलाचे बारा वंश वर पुन्हा शिल्लक. प्रवचन पहिल्यापेक्षा सरस झालं असतं. मात्र त्यातून हेही कळतं की पिसं कितीही भरोत, शास्त्रात त्या आकड्याचं काहीतरी सापडतंच.

दुसरा मुद्दा पित्ताचा. कबुतराला पित्त नसतं, म्हणून त्याला राग येत नाही, म्हणून ते सौम्यतेचं प्रतीक. हा समज आजचा नाही, युरोपात तो शतकानुशतकं चालत आलेला आहे. १६४६ मध्ये टॉमस ब्राउन या इंग्रज वैद्याने लोकांच्या भ्रमांवर जाडजूड ग्रंथ काढला, त्यात कबुतराचं पित्तही तपासून पाहिलं. गंमत अशी की यात अर्धं खरं आहे. कबुतराला पित्ताशय नसतंच. पित्त मात्र असतं. यकृतातून ते थेट आतड्यात उतरतं. आता पित्ताशय नसल्याने स्वभाव शांत होत असेल, तर घोड्यालाही ते नसतं, आणि घोड्याच्या मागे उभं राहणाऱ्याला शांतपणाचा अनुभव विचारावा. आमच्या साडूंचं पित्ताशय नागपूरला काढलं. राग होता तिथेच आहे.

यवतमाळात असली प्रवचनं परकी नाहीत. १९५३ साली इथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीत गेली. तोवर तीस वर्षं देशभरातली मुलं या कापसाच्या गावात येऊन बायबलचा रीतसर अभ्यास करत होती. आता गावोगाव प्रवचनं मोबाइलवरून येतात आणि त्यांच्याबरोबर गरुड येतो.

तो गरुड तुम्हालाही भेटला असेल. चाळिशीत त्याची चोच वाकते, नखं बोथट होतात, पिसं जड होतात. मग तो डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच तोडतो, नवी आली की तिने नखं उपटतो, मग पिसं, आणि दीडशे दिवसांनी नवा होऊन आणखी तीस वर्षं जगतो. आधाराला यशयाचा चाळिसावा अध्याय आणि एकशेतिसरं स्तोत्र. हीच गोष्ट मी बँकेच्या प्रशिक्षणात आणि शाळेच्या गॅदरिंगमध्येही ऐकली आहे. गरुड सर्वधर्मसमभावी आहे. रानातला गरुड पंचवीस-तीस वर्षं जगला तरी पुष्कळ. त्याची चोच सतत वाढते आणि सतत झिजते. पिसं तो थोडीथोडी बदलतो, कारण उडणं थांबलं की जेवण थांबलं. दीडशे दिवस चोचीवाचून बसलेला गरुड नवा होत नाही, मरतो.

शिवाय मीखाच्या पुस्तकात या पक्ष्याच्या टकलाचा उल्लेख आहे. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात, तो गरुड नसावाच, गिधाड असावं. हे मंडळीला सांगण्याची हिंमत कोण करणार? आणि दाखवायला तरी गिधाड आणायचं कुठून? पूर्वी गावाबाहेर ढोर पडलं की आभाळातून गिधाडं उतरत. जनावरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकने ती संपली. २००६ मध्ये त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं.

मोजून पाहणाऱ्यांत मला संत ऑगस्टीन आवडतो. मोराचं मांस कुजत नाही, असं तेव्हा मानत. ख्रिस्ती चित्रांत मोर अमरत्वाची खूण झाला, त्यामागे हेही होतं. कार्थेजमध्ये ताटात शिजवलेला मोर आला, तेव्हा या गृहस्थाने त्यातला एक तुकडा बाजूला ठेवायला सांगितला. महिन्याने पाहिला, वर्षाने पाहिला. वास नाही, फक्त जरा सुकून आकसलेला, असं त्याने लिहून ठेवलंय. निष्कर्षावर मी सही करणार नाही, पण तुकडा ठेवून पाहण्याची बुद्धी झाली याचं कौतुक आहे. आमच्याकडे मोरांना तोटा नाही, शेतकऱ्यांना विचारा. तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे हा प्रयोग इथे कुणी करू नये.

कावळ्यावर मात्र अन्याय झाला. नोहाने तारवातून आधी कावळा सोडला, तो परतला नाही. म्हणून तो पाप, आणि जैतुनाचं पान आणणारं कबुतर पुण्य. पण पुढे राजांच्या पुस्तकात एलीया ओढ्याकाठी लपला असताना देव त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस पाठवतो, ते कावळ्यांच्याच चोचीतून. पितृपक्षात पान वाढून आपण कावळ्याची वाट पाहतो. तिथे कावळा संदेष्ट्याला वाढतो. मावशींना ही गोष्ट फार पटली. प्रवचनात ती नव्हती.

मराठीतला सर्वांत ओळखीचा ख्रिस्ती कवी म्हणजे रेव्हरंड टिळक. त्यांच्या 'केवढे हे क्रौर्य'मधली पक्षीण शाळेत कित्येकांना रडवून गेली. ती कशाचंच प्रतीक नाही. घायाळ आई आहे, तेवढंच.

आणि चिमण्या. मत्तय लिहितो, एका पैशाला दोन. लूक लिहितो, दोन पैशांना पाच. पाळकसाहेबांनी लूकचं वचन एका दमात वाचलं आणि दानाची थैली फिरवायला सांगितली. घरी येताना मी मावशींना हिशेब मांडून दाखवला. आठवडी बाजारात वरची कोथिंबीर घेतल्याशिवाय त्या भाजीवालीसमोरून उठत नाहीत, त्यामुळे फोड करावी लागली नाही.

"म्हंजे पाचवी वर घातली. फुकट."

"हो."

"अन् देव तिलेही इसरत नाही?"

"लूक तसंच म्हणतो."

मावशी रस्त्यातच थांबल्या. "मंग हे काहून नाही सांगितलं त्यायनं?"