शून्याचे मानकरी

क्लीव्हलंड ब्राऊन्सचा चाहता ओळखायला सोपा. अमेरिकन फुटबॉलमधल्या इतर संघांच्या हेल्मेटवर गरुड, घोडा, वाघ असं काहीतरी असतं. याच्या संघाच्या हेल्मेटवर चिन्हच नाही, नुसता नारिंगी रंग. “दाखवण्यासारखं आहे काय?” असं तो आपणहून विचारतो, तुम्ही विचारायच्या आत.

2017च्या हंगामात ब्राऊन्स सोळाच्या सोळा सामने हरले. सोळा सामन्यांच्या हंगामात असा भोपळा त्याआधी फक्त डेट्रॉइट लायन्सच्या वाट्याला आला होता, 2008 साली. पण हे सांगून त्याची कीव करायला जाल, तर तोच तुमचा हिशोब दुरुस्त करतो. आदल्या वर्षीचे पंधरा पराभव कुठे गेले? बत्तीस सामन्यांत एक विजय, असं म्हणायचं. तो विजय 24 डिसेंबर 2016चा, सॅन दिएगो चार्जर्सविरुद्ध, 20-17. झोपेतून उठवून विचारा.

हरलो का, यात त्याला रस नाही. कसे हरलो, यात आहे. तीस गुणांनी हरले की तो नाक मुरडतो. असं कोणीही हरेल! हातातोंडाशी आलेला सामना शेवटच्या दोन मिनिटांत घालवायचा, तर अंगात कसब लागतं. 2017च्या हंगामाचा शेवटचा सामना 31 डिसेंबरला पिट्सबर्गला होता. संघ 28-24 मागे, घड्याळ संपत आलेलं, आणि चेंडू नेमका कोरी कोलमनच्या हातात पडून निसटला. हे तो अशा तब्येतीत सांगतो की ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘वा!’ निघावं.

चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार. त्या वर्षीचा सूत्रधार डिशोन कायझर हा नवखा पोरगा. त्याच्या फेकींवर 11 टचडाऊन झाले आणि 22 वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी झेलला. “पोरगा उदार आहे,” एवढंच चाहत्याचं मत. 1999 साली संघ पुन्हा उभा राहिल्यापासून सूत्रधार इतके बदलले, की क्लीव्हलंडमध्ये एका जर्सीवर जुनं नाव खोडून नवं चिकटवायचा परिपाठच पडला होता.

शिवाय नियम असा, की सर्वांत वाईट संघाला पुढच्या वर्षी नव्या खेळाडूंमधून पहिली निवड. त्यामुळे ऑक्टोबर लागला की हा लग्नाची मुलगी घरात असलेल्या बापाच्या नजरेनं कॉलेजातली पोरं न्याहाळू लागतो. अशा वेळी चुकून संघ जिंकायला आला, तर त्याचा जीव टांगणीला.

थट्टा थांबते ती एकाच नावापाशी. जो थॉमस. 2007पासून सलग 10,363 चालींत ब्राऊन्सचा हा खेळाडू एकदाही मैदानाबाहेर बसला नाही. ऑक्टोबर 2017मध्ये दंडाचा स्नायू फाटला, तेव्हाच थांबला. एवढ्या काळात त्याच्या वाट्याला प्लेऑफचा एकही सामना आला नाही. इथे आमचा चाहता टोपी काढतो.

प्रशिक्षक ह्यू जॅक्सन यांनी आधीच शब्द दिला होता, की पुन्हा 1-15 झालं तर ईरी सरोवरात उडी मारीन. त्यांनी ती मारली, 1 जून 2018ला. “जानेवारीत का नाही?” हा चाहत्याचा प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. 6 जानेवारीच्या गोठवणाऱ्या थंडीत तीनएक हजार चाहते स्टेडियमभोवती गोल फिरून भलंमोठं शून्य काढत होते. काही खेळाडूंना त्याचा राग आला. मिरवणुकीचे पैसे मात्र शहराच्या अन्नपेढीला गेले. माझ्या मते त्या हंगामातली सर्वांत नीट पार पडलेली गोष्ट तीच.

पुढं 20 सप्टेंबर 2018ला न्यूयॉर्क जेट्सना 21-17 हरवलं, तेव्हा विजयापर्यंत कुलूपबंद ठेवलेले बिअरचे फ्रीज शहरभर उघडले. फुकट बिअर पिता पिता चाहता म्हणाला असणार, “बचावफळी अजून कच्चीच आहे.”

कधी क्लीव्हलंडला गेलात तर त्याच्याशी पराभवावर खुशाल बोला, तासभर बोला. बाल्टिमोरचं नाव मात्र काढू नका. 1995 साली मालक आर्ट मोडेल यांनी अख्खा संघ उचलून तिकडे न्यायचं जाहीर केलं, आणि त्या संघानं पाच हंगामांत सुपर बोल जिंकला. क्लीव्हलंडला 1999पर्यंत संघच नव्हता. “ती तीन वर्षं आम्ही एकही सामना हरलो नाही,” हे वाक्य तो म्हणेल. त्यावर हसू नका.