बंद घरात राहावे कसे

प्रथम द्वारकेत एक फ्लॅट असावा. द्वारका म्हणजे दिल्लीची, सेक्टरांची. समुद्रात बुडालेली नव्हे. नोकरी मात्र पुण्यात असावी. फ्लॅटला कुलूप घालावे, पुण्यात यावे आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात त्या फ्लॅटपुढे 'स्वतःच्या वापरात' असे बिनदिक्कत लिहावे. हात थरथरू देऊ नये. अशा घराचे वार्षिक मूल्य शून्य धरण्याची मुभा 1961 च्या कायद्याच्या 23 व्या कलमातच होती.

पूर्वी मात्र दोन पथ्ये असत. नोकरीधंद्यापायी परगावी राहणे भाग असावे आणि तिथले राहते घर आपल्या मालकीचे नसावे. 2025 च्या अर्थसंकल्पाने ही विद्या बुडवली. आता 'कोणत्याही कारणाने' राहता येत नसले तरी चालते. नोव्हेंबरातली हवा सोसत नाही, शेजाऱ्यांच्या लग्नातला डीजे सोसत नाही, सासूबाई मुक्कामाला आहेत, सगळे ग्राह्य. कारणे रचण्यात हयात घालवलेल्यांची यात किती कुचंबणा झाली असेल!

मुभा दोन घरांपुरती आहे. द्वारकेचा फ्लॅट आणि साताऱ्याचे घर झाले, की हिंजवडीत हौसेने घेतलेला तिसरा फ्लॅट रिकामा असला तरी भाड्याने दिल्यासारखा धरतात. न मिळालेल्या भाड्यावर भरलेला कर मात्र अगदी खरा असतो. म्हणून कोणती दोन घरे 'आपली' म्हणायची, हे नात्यागोत्याचा विचार न करता कॅल्क्युलेटर घेऊन ठरवावे.

आता मुख्य साधना : भाडेकरू. घर वर्षात भाड्याने दिले किंवा त्यातून दुसरा काही लाभ घेतला, तर शून्य गेले. यावर भाडेकरूला 'भाचा' म्हणावे, असे काही जाणकार सुचवतात. अवश्य म्हणावे, मात्र भाच्याने तोंड बंद ठेवले तरी त्याचे कागद बोलतात. सोसायटीच्या गेटवर त्याचे सामान उतरायच्या आत गार्ड विचारतो, "किरायेदार का पुलिस वेरिफिकेशन हुआ?" त्या फॉर्मवर भाच्याचा फोटो आणि मामाची सही. पुढे भाचा आपल्या कंपनीत घरभाडे भत्त्याची सवलत मागतो. भाडे वर्षाला 1 लाखावर गेले, की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. तो द्यायला भाचा कधी विसरत नाही.

शिवाय महापालिका आहेच. 2004 पासून दिल्लीत मालमत्ता कर एकक क्षेत्र पद्धतीने आकारतात. राहत्या घराला स्वतःच्या वापरासाठी गुणक 1, भाड्यासाठी 2. म्हणजे एकच भाचा प्राप्तिकर खात्यात शून्य आणि महापालिकेत दोन. दोन्हीकडे एकच उत्तर द्यावे, हे सांगायला लागू नये, पण लागते.

गृहकर्ज असल्यास राहत्या घरावरील व्याजाची 2 लाखांपर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते. नव्या पद्धतीत शून्यावर समाधान मानावे.

बाल्कनीत कबुतरे आढळल्यास घाबरू नये. ती भाडे देत नाहीत, आणि त्यांच्यापासून होतो त्याला लाभ म्हणण्याइतका हुशार अधिकारी अजून निपजलेला नाही. बाल्कनी धुवून घेण्याचा खर्च मात्र कुठल्याच कलमात बसत नाही. तो भाच्याकडून काढावा.