कलम १८०२

भारतीय दंडसंहितेत ५११ कलमं होती. तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेत ती ३५८ झाली. या दोन्हींत नसलेलं, कोणत्याही विधिमंडळानं मंजूर न केलेलं, राजपत्रात कधी न छापलेलं आणि तरीही दर वेळी तत्काळ अमलात येणारं एक कलम मात्र जुन्या लॅपटॉपांच्या पोटात पडून आहे. त्याचा क्रमांक १८०२. आयबीएमच्या आणि पुढं लेनोव्होच्या जुन्या थिंकपॅडमध्ये मालकानं स्वतःच्या मनानं निवडलेलं वाय-फाय कार्ड बसवलं, की बटण दाबताच काळ्या पडद्यावर हा आकडा उमटतो. मजकूर असा, की अनधिकृत नेटवर्क कार्ड जोडलेलं आहे, यंत्र बंद करा आणि कार्ड काढा. त्यानंतर विंडोज नाही, लिनक्स नाही, हार्ड डिस्कपर्यंत पोचणंही नाही. एचपीच्या काही लॅपटॉपांत याच गुन्ह्याला १०४ क्रमांक दिला होता. तिथं कार्डाला ‘अनधिकृत’ न म्हणता ‘असमर्थित’ म्हणण्याची सभ्यता पाळली जाई, शिक्षा मात्र तीच.

गुन्हा काय घडला, ते नीट पाहायला हवं. अ‍ॅपलनं जुलै १९९९ मध्ये आयबुक काढला तेव्हा त्याच्या कीबोर्डखाली वायरलेस कार्डासाठी जागा ठेवली होती, अँटेना आधीच बसवलेले होते आणि कार्ड ९९ डॉलरला वेगळं मिळत होतं. कल्पना सरळ होती. ज्याला हवं त्यानं घ्यावं, आत सरकवावं आणि कामाला लागावं. विंडोजवाल्या लॅपटॉपांतही लवकरच मिनी-पीसीआय नावाची, १२४ संपर्कबिंदूंची प्रमाणित खाच आली आणि नंतर ५२ बिंदूंची मिनी-पीसीआय एक्स्प्रेस. मार्च २००३ मध्ये इंटेलनं सेंट्रिनोचा गाजावाजा केला. त्यातलं वायरलेस कार्ड ‘बी’ जातीचं, म्हणजे सेकंदाला ११ मेगाबिटचं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये ५४ मेगाबिटचं ‘जी’ मानक मंजूर झालं आणि उन्हाळ्यात घेतलेला लॅपटॉप पावसाळ्यात जुना ठरला. पुढं २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ ही सुरक्षापद्धत आली, जी सुरुवातीच्या बऱ्याच कार्डांना जमत नाही, त्यामुळं आजच्या घरगुती राउटरशी त्यांचं बोलणंच होत नाही. अशा वेळी नवं कार्ड घालणं हे अगदी साधं काम आहे. तळाचं झाकण किंवा तळहात टेकवायची पट्टी काढायची, अँटेनाच्या दोन बारीक वायरींची टोकं जुन्या कार्डावरून हलकेच उचलायची आणि नव्या कार्डावर दाबून बसवायची. वायरी पडद्याच्या कडेनं आधीच फिरवलेल्या असतात. आयबीएमनं तर त्या काळी काही मॉडेलं ‘वायरलेस अपग्रेडेबल’ असं लिहूनच विकली होती. खाच दिली, अँटेना दिले, वायरी दिल्या, माहितीपत्रकात आमंत्रणही दिलं. आमंत्रण स्वीकारणाऱ्यासाठी १८०२ राखून ठेवलं.

हे कलम चालतं कसं, तेही समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक कार्डाच्या आत काही ओळखक्रमांक कोरलेले असतात. चिप कुणाची, कोणत्या प्रकारची, कार्ड कुणाच्या नावानं विकायला काढलं आणि त्यांच्याकडं त्याचा क्रमांक काय. लॅपटॉप सुरू होताना बायोस, म्हणजे यंत्राला जागं करणारा मूळ प्रोग्रॅम, हे क्रमांक वाचतो आणि स्वतःजवळच्या यादीशी ताडून पाहतो. यादीत नसलं की मुक्काम तिथंच. यात गंमत शेवटच्या दोन क्रमांकांत आहे. इंटेलचं तेच कार्ड, तीच चिप, तोच सर्किटबोर्ड, पण दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपसाठी विकलेलं असेल तर ते नापास होतं. पत्रिका जुळते, स्वभाव जुळतो, गोत्र मात्र वेगळं निघतं आणि स्थळ मोडतं. मालकानं मग कंपनीचा भागक्रमांक छापलेलं, तंतोतंत तसंच कार्ड शोधावं, अशी अपेक्षा असते. लॅपटॉप दहा-पंधरा वर्षांचा झाला, की हा शोध लॅमिंग्टन रोडच्या किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एखाद्या डब्याच्या तळाशी जाऊन संपतो, किंवा संपतही नाही.

आता कंपन्यांची बाजू. ती ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. त्यांचं म्हणणं असं, की वायरलेस कार्ड म्हणजे रेडिओ प्रक्षेपक आहे. अमेरिकेत त्याला एफसीसी या दूरसंचार नियामकाचं प्रमाणपत्र लागतं आणि ते एकट्या कार्डाला मिळत नाही. कार्ड कोणत्या प्रकारच्या, किती क्षमतेच्या अँटेनाला जोडायचं, तेही त्या प्रमाणपत्रात येतं. झाकणातले अँटेना आमचे, तेव्हा त्यांना कुणी भलतंच कार्ड जोडलं तर लहरी मर्यादेबाहेर जातील आणि जबाब आम्हाला द्यावा लागेल. बाजूच्या खाचेत घालायचं पीसी-कार्ड किंवा यूएसबीचं डोंगल बायोस विनातक्रार चालू देतो, ते का, असं कुणी विचारलं तर त्याचंही उत्तर या युक्तिवादात आहे. डोंगलचा अँटेना डोंगलमध्येच असतो, त्याची जोडी ठरलेली आणि तपासलेली असते. इथवर कंपनीचं खरं आहे, आणि डोंगलकडं बोट दाखवून तिला खोटं पाडू पाहणारे टीकाकार घाई करतात.

पण युक्तिवाद खरा असेल तर यादी त्याच्याशी सुसंगत हवी. एफसीसीला काळजी लहरींच्या ताकदीची आणि अँटेनाच्या प्रकाराची. ही दोन्ही तीच असताना केवळ विक्रेत्याचा क्रमांक वेगळा म्हणून कार्ड नाकारलं जात असेल, तर तो पहारा लहरींवर आहे की दुकानावर? दुसरं असं, की मिनी-पीसीआय एक्स्प्रेस खाचेच्या ५२ बिंदूंपैकी विसावा बिंदू रेडिओ बंद करण्यासाठीच राखलेला आहे. त्याच्यावरचा संकेत बदलला की कार्ड गप्प बसतं. विमानप्रवासासाठी लॅपटॉपच्या कडेला जी छोटी कळ असायची, तिचं काम हेच. म्हणजे अपरिचित कार्ड दिसताच त्याचा आवाज बंद करून बाकीचा लॅपटॉप सुखानं चालू देण्याची सोय यंत्रात होती. कायद्याच्या धाकानं झोप उडालेल्या कंपनीनं ती वापरली असती. तसं न करता अख्खं यंत्र गोठवलं गेलं, त्यात मालकाच्या फायली, हिशेब आणि प्रबंधाचा अर्धवट मसुदा यांचाही समावेश होता, ज्यांतून कोणतीही लहर बाहेर पडत नाही. तिसरा पुरावा बाजारातच होता. डेल त्याच अमेरिकेत, त्याच एफसीसीच्या हद्दीत लॅपटॉप विकत होती आणि तिच्या यंत्रांत परकं कार्ड घातलं तर सहसा काहीही होत नसे. पुढं नव्या थिंकपॅडांतूनही ही यादी निघून गेली. यादी निघण्यासाठी कायदा बदलावा लागल्याचं दिसलं नाही. जे कायद्यानं अपरिहार्य असतं, ते असं गुपचूप गळून पडत नाही.

दुसरा आक्षेप स्थैर्याचा. अनोळखी कार्डाचा ड्रायव्हर बिघडतो, यंत्र अडकतं, गिऱ्हाईक मदतकेंद्राला फोन करून शिव्या देतं, म्हणून आम्ही आधीच दार लावतो. हा आक्षेप ऐकताना टी-४३ हा २००५ सालचा थिंकपॅड डोळ्यांसमोर ठेवावा. त्यात कंपनीच्या पसंतीबाहेरची हार्ड डिस्क बसवली, तर २०१० क्रमांकाचा इशारा येई. ही डिस्क या यंत्रात कदाचित नीट चालणार नाही, एवढं सांगून झालं की एस्केपची कळ दाबून मालक पुढं जाऊ शके. हार्ड डिस्क म्हणजे लॅपटॉपची सगळी स्मरणशक्ती. ती दगावली तर आयुष्यभराचे फोटो जातात. वाय-फाय कार्ड दगावलं तर फार तर केबल लावावी लागते. तरीही डिस्कला समज देऊन सोडायचं आणि कार्डाला थेट स्थानबद्ध करायचं, हा न्याय स्थैर्याच्या तत्त्वातून निघत नाही. आणि मदतकेंद्राचा प्रश्न म्हणाल तर वॉरंटी संपून दशक उलटलेल्या यंत्राच्या मालकाचा फोन तिथं उचलतं कोण?

आपल्या देशाला हे सगळं फार परिचयाचं वाटायला हवं. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानं बिनतारी उपकरण नुसतं ताब्यात ठेवायलाही परवाना लागत असे. घरात गाणी ऐकण्याच्या रेडिओचं लायसन दर वर्षी पोस्टात जाऊन नवं करून आणायची रीत १९८० च्या दशकापर्यंत चालली. जानेवारी २००५ मध्ये सरकारनं अधिसूचना काढून २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला, २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे पट्टेही बऱ्याच अंशी मोकळे केले. परवान्यांसाठी जगभर नाव कमावलेल्या सरकारनं सोडलेली ही जबाबदारी त्याच काळात बायोसनं उचललेली होती. मुक्त बाजाराचे जाणकार याकडं लक्ष वेधत नाहीत, कारण त्यांच्या मते परवानाराज फक्त सचिवालयात राहतं. सचिवालयातल्या परवान्याला निदान अर्जाचा नमुना होता, शुल्क ठरलेलं होतं, नाकारल्यास वर दाद मागता येई, खासदाराला पत्र लिहिता येई. बायोसच्या यादीला यांतलं काहीच नाही. यादीत कोण आहे, हे आधी समजत नाही. कोणत्या निकषावर आहे, हे कधीच समजत नाही. आणि नाव घालून घेण्यासाठी लाच द्यायची तर कुणाला द्यायची, तेही कळत नाही. भ्रष्टाचाराला वाव न ठेवणारी व्यवस्था ती हीच असावी.

जनतेनं अर्थातच जनता करते तेच केलं. टी-४० ते टी-४३ च्या पिढीसाठी कुणीतरी डॉसवर चालणारा एक इवलासा प्रोग्रॅम लिहिला, जो सीमॉस स्मृतीतला एकच बिट बदलतो. तेवढ्यानं बायोस कोणतंही कार्ड निमूट स्वीकारतो. हा बिट बाहेरच्या कुणी घुसवलेला नव्हता. तो तपासण्याची सोय बायोसमध्येच होती, म्हणजे कुंपण घालणाऱ्यानं स्वतःसाठी फाटक ठेवलेलं होतं आणि एफसीसीचा धाक त्या फाटकापाशी संपत होता. टी-६० पासून ही युक्ती चालेनाशी झाली. मग लोक बायोसच उकलून यादीतला एखादा क्रमांक खोडून स्वतःच्या कार्डाचा घालू लागले. त्याहून निर्धाराचे लोक एक्स-६० किंवा एक्स-२०० मधला मूळ बायोस पुरता काढून तिथं कोअरबूट किंवा लिब्रेबूट हे मुक्त पर्याय बसवतात, ज्यांत यादीच नसते. एका कार्डासाठी चिपवर क्लिप लावून यंत्राचा आत्मा बदलायचा, हा खटाटोप कुणाला वेडेपणा वाटेल. त्यापेक्षा डोंगल लावा, असं व्यवहारी माणूस सांगतो. डोंगल चालतंच. फक्त पडद्याच्या कडेला उंचावर असलेले दोन अँटेना रिकामे ठेवून टेबलाच्या उंचीवरचा नखाएवढा अँटेना वापरायचा, दोन-तीन यूएसबी खाचांपैकी एक कायमची द्यायची आणि पिशवीत घालताना ते मोडणार नाही ना, याची काळजी वाहायची. स्वतःच्या यंत्रात आत जागा असताना पाहुण्यासारखं बाहेर लोंबकळायचं.

नवा लॅपटॉप घ्या, हा शेवटचा सल्ला. लॅपटॉपच्या एकूण कार्बनभाराचा मोठा वाटा तो वापरताना नव्हे, तो घडतानाच पडलेला असतो, हे या सल्ल्यात धरलेलं नसतं. शिवाय नव्याकडं गेलं तरी यादी पाठ सोडत नाही, ती फक्त वरच्या मजल्यावर राहायला जाते. विंडोज ११ कोणत्या प्रोसेसरवर चालेल, याची मायक्रोसॉफ्टची यादी आहे, इंटेलच्या बाबतीत ती साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाय-फायचं म्हणाल तर इंटेलनं मधल्या काळात रेडिओचा बराचसा मेंदू कार्डातून काढून मुख्य चिपसेटमध्ये हलवला. एएक्स-२०१ सारखं कार्ड खाचेत नीट बसतं, स्क्रूही लागतो, पण चिपसेट त्या जातीचा नसेल तर ते मुकं राहतं. इथं निदान कुणी अनधिकृत म्हणून हिणवत नाही.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं मार्च २०२४ मध्ये कायदा करून सुट्या भागांना क्रमांकानं यंत्राशी जखडण्याच्या या रिवाजाला पहिल्यांदा हात घातला. आपल्याकडं ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षअखेरीस पोर्टलही उघडलं. फ्रान्स तर १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापायला लावतो. या सगळ्यांचा अभ्यास उद्योगानंही केलेला दिसतो. अनेक पातळ लॅपटॉपांत वाय-फायची चिप आता मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. तिथं खाच नाही, म्हणून परकं कार्ड नाही, म्हणून यादी नाही, म्हणून १८०२ नाही. ‘मालकानं बसवलेला भाग बायोस नाकारतो काय?’ असा प्रश्न उद्या एखाद्या सरकारी तक्त्यात आलाच, तर या यंत्रांना त्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील.