चक्र थांबवण्याची रीतसर पद्धत

ज्यांच्या घरी टीव्ही जवळजवळ भिंतीएवढा आहे, नेटचे पैसे वेळेवर भरलेले आहेत, आणि तरीही रात्री साडेआठला पडद्याच्या मधोमध एक पांढरं चक्र गरगरत राहतं, अशा माण (ता. मुळशी) आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या कुटुंबांसाठी ही मार्गदर्शिका आहे. आपल्याच शिवारात, राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तिसऱ्या टप्प्यात बसून हजारो इंजिनिअर परदेशातल्या बँका आणि विमा कंपन्या रात्रंदिवस चालू ठेवतात. त्यांतले दोघे-तिघे आपल्याच वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात. असं असताना आपली मालिका का अडकते, हा प्रश्न मनात येईल. तो तूर्त बाजूला ठेवा. दुरुस्तीला चित्त स्थिर लागतं.

दोष कुणाचा हे आधी ठरवा

चक्र दिसताच कुटुंबप्रमुखाने "कोणी हात लावला?" असं मोठ्याने विचारावं. हा तांत्रिक प्रश्न आहे. १९७३ साली सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यात दूरदर्शन दिसू लागलं, तेव्हापासून तो जिल्ह्यात विचारला जातोय. त्या काळी एक जण पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि दुसरा खालून "आलं, आलं... गेलं!" असं ओरडायचा. दोषी कोण हे साऱ्या आळीला दिसायचं. आता चित्र कुठल्या वाटेने घरात येतं हेच कोणाला दिसत नाही, त्यामुळे संशयाला रान मोकळं मिळालंय.

संशयितांचा क्रम घरोघरी ठरलेला आहे: मोबाइलवर गेम खेळणारा नातू, घरून मीटिंग करणारी सून, पासवर्ड मागून घेतलेला भाडेकरू, नेटवाला, आणि अगदीच कोणी सापडलं नाही तर मेट्रो. खरा गुन्हेगार या यादीत सहसा नसतो. तो टीव्हीपासून पंधरा-वीस फुटांच्या आत कुठेतरी गप्प बसलेला असतो. पण त्याच्यावर ओरडून समाधान मिळत नाही, म्हणून आधी यादी संपवून घ्यावी.

दिवे वाचणे

फायबरची वायर ज्या डबीत शिरते त्या डबीवर बारीक दिवे असतात. त्यांतला एल-ओ-एस लिहिलेला दिवा लाल झाला, तर घरात प्रकाशच पोचत नाही असं समजावं. इथे प्रकाश हा शब्द शब्दशः घ्यायचा. वायरीच्या आत सव्वाशे मायक्रॉन जाडीचा काचेचा तंतू असतो आणि त्यातल्या नऊएक मायक्रॉनच्या गाभ्यातून तुमची मालिका उजेडाच्या रूपात धावत येते. ती वायर खिडकीच्या फटीत चेमटवली, खिळ्याला गुंडाळली किंवा तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातले, तर मालिका वळणावरच सांडते. आधी आपली खिडकी तपासा.

खिडकी निर्दोष निघाली, तर दोष बाहेरचा. माणमध्ये याला तोटा नाही. माण ते शिवाजीनगर या २३ स्थानकांच्या मेट्रोचा डेपो आपल्याकडे, टॉवर आपल्याकडे, त्यांच्यासाठीचे रस्ते, गटारं आणि पाण्याच्या लायनी आपल्याकडे. म्हणजे जेसीबीही आपल्याकडे. जेसीबीला काच दिसत नाही. जी वायर खांबावरून लोंबते ती डंपरच्या वाट्याला येते. अशा वेळी नेटवाल्याला फोन लावावा. संवाद साधारण असा होतो:

"दादा, लाल लाइट लागलीये."

"काका, पूर्ण एरियाच डाऊन आहे."

"शेजारच्यांचं तर चालूये."

"त्यांचं कनेक्शन वेगळंय."

"मग आपलं कधी येणार?"

"पोरं लागलीत कामाला."

इथे थांबावं. पोरं नेमकी कुठे लागलीत, हे विचारायची पद्धत नाही.

गुरुवारचं प्रकरण निराळं आहे. औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे विजेची दुरुस्तीही बहुधा त्याच दिवशी निघते. हुशार कुटुंबं राउटर इन्व्हर्टरला जोडतात आणि तरीही नेट नाही म्हणून इन्व्हर्टरवाल्याशी भांडतात. बिचाऱ्याचा संबंध नाही. तुमचा राउटर जिवंत असतो, पण कोपऱ्यावरच्या खांबावरची पेटी विजेविना मान टाकते. त्या दिवशी पुस्तक वाचावं असं सुचवणार होतो, पण ही मार्गदर्शिका व्यवहार्य ठेवायची आहे.

भाडेकरूचा वापर

दिवे सगळे हिरवे आणि चक्र तरी फिरतंय, अशी अवस्था आली की वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर उपयोगात आणावा. त्याचं ऑफिस फेज वनला असेल तर तो नऊच्या आत घरी पोचत नाही. अंतर चार-पाच किलोमीटरचंच आहे, पण त्याबद्दल त्याला काही विचारू नये. जिन्यातच गाठावं, बूट काढायच्या आत.

"सर, जरा आमचा टीव्ही बघता का?"

"काका, मी जावावर काम करतो. माझं बॅकएंड आहे."

"मग झालंच की. टीव्ही पण मागूनच बघायचाय."

तो येतो. काकू चहा टाकतात. तो चक्राकडे काही वेळ पाहतो आणि विचारतो, "रिस्टार्ट केलात का?" आपण सांगायचं, चारदा केलं, रिमोटने. तो उठतो, टीव्हीची पिन बोर्डातून काढतो, चहा संपेपर्यंत बाहेर ठेवतो आणि परत लावतो. मालिका सुरू होते. चार वर्षं इंजिनिअरिंग, वर सात वर्षांचा अनुभव, आणि केलं काय तर पिन काढली! "हे तर मीही केलं असतं," असं वाक्य या क्षणी ओठांवर येतं. ते गिळावं, कारण तुम्ही केलं नव्हतं. रिमोटचं बटण स्मार्ट टीव्हीला बंद करत नाही, नुसतं झोपवतं. आत जमलेला कचरा तसाच राहतो, आणि स्वस्तातल्या टीव्हीची स्मरणशक्ती आधीच तोकडी असते. पिन काढून मिनिटभर थांबलं की तो नव्याने उठतो. शिवाय नातवाने भरलेली, कोणीही न उघडणारी आठ-दहा ॲप्स काढून टाकावीत आणि रोजच्या ॲपचा कॅश सेटिंगमध्ये जाऊन पुसावा. निम्मी दुखणी इथेच संपतात.

उरलेल्या निम्म्यांसाठी भाडेकरूला दुसऱ्या चहावर थांबवून घ्यावं आणि राउटर दाखवावा. माणमधल्या घरात राउटर तीनपैकी एका ठिकाणी असतो: लोखंडी कपाटावर भरतकामाच्या रुमालाखाली, देवघराच्या मागे, किंवा ज्या खिडकीतून वायर आत आली तिच्या चौकटीत, कारण वायर आणणाऱ्याला तेवढीच पुरली. टीव्ही मात्र हॉलमध्ये. मध्ये नऊ इंची विटांच्या दोन भिंती, एक आरसा आणि फ्रिज. वायफायच्या लहरी दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती बऱ्यापैकी पार करतात, पण हळू चालतात आणि आळीतल्या सगळ्या राउटरांच्या त्याच गर्दीत सापडतात. मायक्रोवेव्हही तिथेच घरघरतो, म्हणून पॉपकॉर्न फुटायला लागले की सिनेमा अडकतो. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान, पण दोन भिंतींत दमतात. उपाय: राउटर उघड्यावर, उंचावर, घराच्या मध्यभागी, टीव्ही त्याच खोलीत असेल तर ५ वर. त्याहून चांगला उपाय म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅनची वायर ओढणे. दिसायला वाईट, आणि घरातल्या बायकांचा विरोध होईल. पण नंतर तक्रार येत नाही, असा माझा ठाम अभिप्राय आहे.

या टप्प्यावर नेटवाला एक सल्ला देतो: शंभरचा प्लॅन तीनशेचा करा. करू नका. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात आणि फोर-केला १५. टँकर कितीही मोठा मागवला तरी टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंतचा नळ अर्धा इंची असेल तर पाणी तेवढंच येणार. टँकरचा अनुभव माणला नव्याने सांगायला नको.

सुरुवातीची काही सेकंदं चित्र धूसर दिसलं तर कोणावरही ओरडू नये. एकाच दृश्याच्या भारी, मध्यम आणि हलक्या अशा अनेक प्रती तिकडे तयार असतात. ॲप आपल्या नेटचा अंदाज घेत आधी हलकी उचलतं, मग चढत जातं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सगळा देश एकदम पडद्यासमोर बसला, तेव्हा ॲपच्या कंपन्यांनी नेटवरचा ताण कमी करायला मोबाइलवरचं चित्र आपणहून ४८०पी वर आणलं होतं.

किरकोळ व्याधी

वीज बराच वेळ जाऊन आली आणि टीव्ही "कनेक्ट होत नाही" म्हणू लागला, तर त्याचं घड्याळ पाहावं. तो कधी कधी काही वर्षं मागे गेलेला असतो. ॲपची सुरक्षा प्रमाणपत्रं ठरावीक तारखांपुरती वैध असतात; तारीख चुकली की दार उघडत नाही. तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू करावा.

सिनेमात माणसं पुटपुटतात आणि गाडी उडाली की कानठळ्या बसतात, हा दिग्दर्शकाचा दोष प्रत्येक वेळी नसतो. आवाज ५.१ वर असतो आणि टीव्हीला स्पीकर दोनच. ऑडिओ स्टिरिओवर करावा. आजीची मालिका अचानक तमिळमध्ये बोलू लागली, तर तोच मेनू उघडावा. काही आज्या आठवडाभर तशीच बघतात आणि गोष्ट नीट सांगतात. त्यांना त्रास देऊ नये.

ॲपचं जुनं चित्रच सापडत नसेल, तर १४ फेब्रुवारी २०२५ पासून हॉटस्टार आणि जिओसिनेमा एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालंय, हे घरात एकदा जाहीर करावं.

पैसे भरूनही सेवा बंद पडली तर बँकेचे मेसेज वाचावेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापायला आपली नोंदवलेली संमती लागते. कार्ड बदललं की संमतीही नव्याने द्यावी लागू शकते. आणि "एकाच वेळी फार जण बघत आहेत" अशी सूचना आली, तर चाकणच्या मेव्हण्याला फोन करावा. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात घराबाहेरची पासवर्डची वाटावाटी बंद केली. बाकी ठिकाणी मेव्हणा अजून आहे.

क्रिकेट

यावर उपाय नाही. डिशवर बघणारा शेजारी आपल्या आधी ओरडतो, कारण ॲपवरचा सामना तुकडे करून, साठवून, मागाहून येतो. फरक अर्ध्या मिनिटापर्यंत जाऊ शकतो. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. त्या रात्री आपण शेजाऱ्यांपेक्षा थोडं उशिरा हरलो, एवढाच फायदा. खिडक्या लावून घ्याव्यात, मोबाइल उलटे ठेवावेत, आणि वरच्या भाडेकरूला सामन्यापुरतं खाली बोलवावं, म्हणजे तो वरून ओरडणार नाही. भाडं वाढवायचं असेल तर ते त्या दिवशी काढू नये.

ग्राहक सेवा

एवढं करूनही चक्र फिरत राहिलं, तर माणसाचा हात आपोआप गूगलकडे जातो आणि तो "कस्टमर केअर नंबर" असं शोधतो. इथे विनोद थांबतो. तिथे वर दिसणारे पुष्कळ नंबर भामट्यांचे असतात. समोरचा फार गोड बोलतो, पाच रुपये भरायला सांगतो किंवा मोबाइलचा पडदा त्याला दिसेल असं एखादं ॲप टाकायला लावतो, आणि मालिका सुरू व्हायच्या आत खातं रिकामं होतं. नंबर घ्यायचा तो ॲपच्या आतल्या मदत विभागातूनच. ओटीपी कोणालाही, अगदी वरच्या इंजिनिअरलाही, सांगायचा नाही. तरीही पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन करा. तो आकडा आज रात्रीच मार्करने राउटरच्या डबीवर लिहून ठेवा.