नवशिक्या नगरकरांसाठी वेबसाइट: धडा पहिला

साहित्य: एक लॅपटॉप, एक गिऱ्हाईक आणि ‘चार पानांची तर साइट, त्यात काय एवढं’ म्हणणारा गिऱ्हाइकाचा मेहुणा.

आधी साधं एचटीएमएल. नोटपॅड उघडा, लिहा, सेव्ह करा, ब्राउझरमध्ये बघा. झाली साइट. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली मांडलेले परिच्छेदाचे, मथळ्याचे टॅग आजही चालतात. हे प्रकरण शनिशिंगणापूरच्या घरासारखं आहे: दार नाही, कडी नाही, राइट क्लिक केलं की आतलं सगळं दिसतं. एखादा टॅग बंद करायचा राहिला तरी ब्राउझर घरच्यासारखं सांभाळून घेतो.

दुसरा मार्ग कोडमधून मार्कअप काढण्याचा. २०१३ साली फेसबुकनं रिॲक्ट सगळ्यांना खुलं केलं, त्याच्यासोबत जेएसएक्स आलं. इथे टॅग जावास्क्रिप्टच्या पोटात राहतात. ‘क्लास’ लिहायचं नाही, तो शब्द जावास्क्रिप्टनं राखून ठेवलाय, ‘क्लासनेम’ लिहा. टॅग उघडा राहिला की लाल अक्षरांत खरडपट्टी. शिवाय पहिली ओळ लिहिण्याआधी पॅकेजांची वरात उतरवून घ्यायची. माळीवाड्यातल्या फरसाणवाल्याची वेळ आणि पत्ता दाखवायला हे सगळं करणार असाल, तर तुमचा डोळा बिलावर आहे.

मग निवडायचं कशावरून? एकच गोष्ट किती ठिकाणी लिहिलीय, ते मोजा. मी मोजलं नव्हतं.

चौंडीला ३१ मे २०२३ रोजी घोषणा झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना निघून अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. मधे जवळजवळ दीड वर्ष होतं. मी ते झोपून काढलं. माझ्याकडे एका कापडवाल्यांची साइट होती. चौदा तालुक्यांची चौदा पानं, साधं एचटीएमएल, प्रत्येकाच्या डोक्यावर, तळाशी आणि पत्त्यात जिल्ह्याचं नाव. म्हटलं, फाइंड-रिप्लेस मारू, दोन मिनिटांचं काम. आळसानं ‘अहमद’च्या जागी ‘अहिल्या’ टाकलं. पत्ते बरोबर बदलले. पण १४९० साली शहर वसवणारे ‘अहिल्या निजामशाह’ झाले, आणि अहमदाबादहून येणारं कापड दोन-दोन काने मिरवत ‘अहिल्यााबाद’हून यायला लागलं. इंग्रजी स्पेलिंगं साइटवर दोन तऱ्हांची होती. ती दोन्ही जागची हलली नाहीत.

नाव एका व्हेरिएबलमध्ये असतं तर एक ओळ बदलून भागलं असतं. मात्र तेवढ्यासाठी रिॲक्ट लागत नाही. १९९५ पासून चालत आलेलं पीएचपी आहे. डोकं आणि तळ वेगळ्या फाइलीत ठेवून ‘इन्क्लूड’ करा. लहान साइटला मी आता तेच करतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. गिऱ्हाइकाला रोज हलणारी यादी, गाळण्या, लॉगिन हवं असेल तेव्हा जेएसएक्सकडे वळा.

प्रत्ययांवरही नजर ठेवा. आपलं नशीब, दोन्ही नावांच्या शेवटी ‘नगर’च, म्हणून ‘-ला’, ‘-चा’ बिनबोभाट चिकटले. ‘उस्मानाबादेत’चं ‘धाराशिवेत’ करून बसलेल्याला विचारा. आणि ‘अहमदनगरची निजामशाही’ व्हेरिएबलमध्ये घालू नका. ती होती तशीच राहणार.

तीन रात्री जागून साइट पुन्हा चढवली. तिच्यावर आता सगळीकडे अहिल्यानगर आहे. कापडवाले मात्र फोन उचलल्यावर अजूनही म्हणतात, ‘नगरहून बोलतोय.’