आधी मंडळ, मग मुली

कोल्हारच्या स्टँडजवळ, नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला, मागच्या आठवड्यात एक फ्लेक्स लागला. वर जाड अक्षरांत 'मुलींच्या फुटबॉल संघाला जाहीर पाठिंबा!' आणि खाली त्रेचाळीस चेहरे. मी मोजले, कारण त्यातला बाविसावा माझा आहे. डावीकडे भगवतीमाता, उजवीकडे अहिल्यादेवी आणि मधोमध मेस्सी. पायाशी चेंडू आहे, पण तो व्हॉलीबॉलचा. फ्लेक्सवाला म्हणाला, फुटबॉलचा शोधायला बसलो तर छपाई उद्यावर जाईल. खेळणारी मुलगी मात्र एकही नाही. त्यात फ्लेक्सवाल्याचा दोष नाही, कारण संघच अजून नाही. समर्थक मंडळ तेवढं झालंय.

मी त्या मंडळाचा प्रसिद्धीप्रमुख. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे काही लिहीन ते घरभेदीपणा म्हणून वाचता येईल.

सुरुवात झाली 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांनी स्टेटसला तिरंगा लावला. त्यात असेही होते की ज्यांनी स्वतःच्या पोरीला सायकल घेऊन दिली नाही, कारण 'कॉलेज लांब पडतं'. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सूर निघाला की क्रिकेटला आता सगळेच पाठिंबा देतात, आपण काहीतरी वेगळं धरू. कोणीतरी मोबाइलवर बार्सिलोनाच्या बायकांची मॅच लावली. 22 एप्रिल 2022, समोर जर्मनीचा वोल्फ्सबर्ग संघ, प्रेक्षक 91,648. आकडा ऐकून टपरीवर शांतता पसरली. आमच्या भागात इतकी माणसं फक्त यात्रेत आणि सभेत मोजली जातात, आणि सभेतली मोजणारा सभा घेणाराच असतो.

"तिकीट काढून आले हे?" आबांनी विचारलं.

"हो."

"जेवण होतं?"

"नव्हतं."

"मग काय येडे हायेत का?" आबा म्हणाले. पण आकडा सगळ्यांच्या मनात रुतला तो रुतलाच. संध्याकाळपर्यंत अध्यक्ष, कार्याध्यक्ष, चार उपाध्यक्ष आणि अकरा सल्लागार नेमून झाले. अकराच का, तर फुटबॉलमध्ये अकरा असतात.

पहिल्या बैठकीत मी चुकून विचारलं की संघ कुठाय. अध्यक्षांनी मला जवळ बसवून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "भाऊ, आपला सहकाराचा मुलूख. आधी संस्था, मग बाकीचं." मी म्हटलं, इथून हाकेच्या अंतरावर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी 1950 साली कारखाना उभा केला, तेव्हा शेतात ऊस आधी होता, संचालक मागनं आले. अध्यक्ष म्हणाले, "तेव्हा लोकांना अनुभव नव्हता."

घरी हे सांगितलं तर सौ. एवढंच म्हणाल्या, "बाजारात तुरी." म्हण पुरी केली नाही. पुढचं माझ्या अंगाशी येणारं होतं.

फुटबॉलशी आमचा संबंध काय, असं कोणी विचारू नये. कोल्हापूर आणि कोल्हार यांच्यात फरक फक्त एका 'पू'चा आहे. तिकडे पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार अशा तालमी फुटबॉल खेळतात आणि शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. त्या गर्दीत बायका किती असतात हा प्रश्न कोल्हापूरकरांनी स्वतःला विचारावा. 2019 मध्ये मात्र तिथला मुलींचा संघ 'कोल्हापूर सिटी' नावानं थेट लुधियानाला जाऊन इंडियन विमेन्स लीग खेळून आला. पेठेत फटाके वाजले का, ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे तर बातमीसुद्धा आली नाही. त्याच लीगमध्ये अलखपुरा हेही नाव होतं. हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातलं हे गाव, शहर नव्हे. शाळेच्या खेळशिक्षकानं मुलींच्या हाती चेंडू दिला आणि गाव त्यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. मी हे बैठकीत सांगितलं. कार्याध्यक्षांनी विचारलं, "तिथलं समर्थक मंडळ कुणाच्या ताब्यात आहे?"

दुसरी बैठक नियम समजून घेण्यासाठी होती. ऑफसाइड कोणालाच कळेना. मी वहीवर रेघा मारल्या, टपरीवरचे ग्लास मांडून दाखवले, काही उपयोग नाही. शेवटी आबांनी उलगडा केला. आबांचा बांधाचा दावा बावीस वर्षं चालू आहे, त्यामुळे रेषेच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. "सोपं हाय," ते म्हणाले. "गडी बांधावर उभा हाय. मागनं चेंडू यायच्या आधी त्यानं पाऊल पलीकडं टाकलं तर अतिक्रमण. चेंडू सुटल्यावर टाकलं तर वहिवाट." आणि व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निकाल देणारा पंच? "मोजणी. पैसे भरले की येत्यात, तोवर पीक निघून जातं." इतक्या वर्षांत टीव्हीवरच्या एकाही तज्ज्ञाला हे इतकं नेमकं सांगता आलेलं नाही.

खरी रंगत तिसऱ्या बैठकीला आली. विषय होता 'सामन्यागणिक वाढती गर्दी'. ठराव असे झाले: पहिल्या सामन्याला पाचशे, दुसऱ्याला हजार, तिसऱ्याला पाच हजार. बायका याव्यात म्हणून मध्यंतरात 'खेळ पैठणीचा'. पुरुष यावेत म्हणून ऑर्केस्ट्रा. पंचेचाळीस मिनिटांचा डाव फार लांबतो, लोक कंटाळतात. म्हणून डाव पंधरा मिनिटांचा आणि मध्यंतर पंचेचाळीसचं. शिट्टी प्रमुख पाहुणे आल्याशिवाय वाजणार नाही. पाहुणे लोणीहून निघालेत असं सांगण्यासाठी एक स्वतंत्र निवेदक. शेवटच्या गोलाला शेवटच्या कुस्तीसारखं इनाम. हे एकानं सुचवलं, तर दुसऱ्यानं शंका काढली की मग आधी कोणी गोलच करणार नाही. विषय सल्लागारांकडे गेला.

प्रसिद्धीप्रमुख म्हणून मला इतिहास मांडायला सांगितलं होतं. मी तयारी करून गेलो. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात प्रेस्टनच्या डिक-केर कारखान्यात दारूगोळा बनवणाऱ्या बायकांनी संघ काढला. 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला 53,000 माणसं आली. पैसा जखमी सैनिकांसाठी गोळा होत होता. पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशननं फतवा काढला की हा खेळ बायकांना सोसणारा नाही, आमच्या क्लबांची मैदानं त्यांना द्यायची नाहीत. ही बंदी पन्नासएक वर्षं टिकली.

"गर्दी कमी म्हणून?" अध्यक्षांनी विचारलं.

"गर्दी झाली म्हणून."

टपरीवर पुन्हा शांतता. मग उपाध्यक्षांपैकी एकांचा चेहरा उजळला. "म्हंजी आपल्याला भीती नाही."

मलाही हायसं वाटलं. आपल्या देशानं ही बंदी कधी घालायची वेळच येऊ दिली नाही. 1975 मध्ये महिला फुटबॉलचा महासंघ झाला. आपल्या बायका 1980 मध्ये कालिकतला आणि 1983 मध्ये बँकॉकला आशियात दुसऱ्या आल्या, आणि आपण गावोगाव ते गुपितासारखं जपलं. 2022 च्या जानेवारीत तर आशिया चषक आपल्या दारात आला: मुंबई, नवी मुंबई, पुणे. कोरोनामुळे स्टेडियमात प्रेक्षकांना बंदी होती. संयोजकांनी ती कळकळीनं जाहीर केली. इतकी वर्षं आपण हेच विनाजाहिरात पाळत होतो, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. इराणशी सामना बरोबरीत सुटला आणि दुसऱ्याच सामन्याच्या दिवशी साथीमुळे तेरा खेळाडूसुद्धा उभ्या राहिनात. यजमानांना स्वतःच्या घरच्या स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं.

त्याच वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात ठरला. तो दोन महिन्यांवर आलेला असताना, ऑगस्टमध्ये, फिफानं देशाच्या फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं. कारण? त्रयस्थांचा हस्तक्षेप. महासंघाचा कारभार न्यायालयानं नेमलेली समिती बघत होती. अकरा दिवसांनी निलंबन उठलं, ते समितीचा कारभार संपल्यावर. मी हे वाचून दाखवलं आणि थोडा थांबलो. बेचाळीस जण माझ्याकडे बघत होते.

"फिफाला समित्या चालत नाहीत?" कार्याध्यक्ष.

"मैदानाबाहेरच्यांनी मैदानात हात घातला तर नाही चालत."

अध्यक्ष बराच वेळ विचारात होते. "हा फिफाचा अध्यक्ष," ते म्हणाले, "कुठल्या गटाचा?"

त्या विश्वचषकात भारताची कर्णधार होती अस्तम उराँव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. पुण्याची काजोल डिसूझाही संघात होती. निकाल सांगायला नकोत इतके वाईट लागले, पण सांगतो: अमेरिका आठ, मोरोक्को तीन, ब्राझील पाच, आपण तिन्हीदा शून्य. त्या वेळी वर्तमानपत्रांत बातमी होती की पोरगी कर्णधार झाली म्हणून सरकारनं तिच्या घरापर्यंत रस्ता मंजूर केला, आणि त्या रस्त्यावर खडी टाकायला मजूर म्हणून तिचेच आईबाप होते. पाठिंबा याला म्हणावं की रोजगार हमी, हे मला अजून उमगलेलं नाही. मंडळाला मात्र ही गोष्ट मनापासून भिडली. एका मुलीमागं एक रस्ता! लगेच हिशेब सुरू झाला. नगर-मनमाड रस्त्याची सध्याची स्थिती पाहता किमान पंधरा पोरी भारताकडून खेळवाव्या लागतील, असा अंदाज निघाला. त्यातली एक कायम गोलकीपर ठेवायची, म्हणजे कोल्हारच्या पुलावरचे खड्डे तिच्या नावे टाकता येतील.

एवढं सगळं चाललं होतं तेव्हा गावात फुटबॉल नव्हता असं नाही. शाळेच्या पटांगणावर संध्याकाळी आठ पोरी खेळतात. गोलपोस्ट म्हणजे एका बाजूला दोन विटा, दुसऱ्या बाजूला दप्तरं. आठजणींत एकच बूट-जोड, ती ज्या बाजूला पेनल्टी मिळेल त्या बाजूला जाते. मी या गोष्टीची मंडळात वाच्यता केली नव्हती. केली असती तर त्यांचं लगेच 'दत्तक विधान' झालं असतं, आणि शाल-नारळ पचवायचं त्यांचं वय नाही.

मी लपून जात होतो. पहिल्या दिवशी प्रेक्षक दोन: मी आणि एक शेळी. शेळीचं लक्ष गवतावर होतं, पण ती शेवटपर्यंत थांबली, जे माझ्या पाहण्यातल्या फार थोड्या प्रमुख पाहुण्यांना जमलंय. दुसऱ्या आठवड्यात शेळीची मालकीण आली. त्या आजींनी खुरपं बाजूला ठेवलं, फतकल मारली आणि अर्ध्या तासात एका पोरीला नाव घेऊन शिव्या द्यायला लागल्या, "आगं रिकामी हाय की ती पल्याड, तिला दे!" पास कुठं द्यायचा हे त्यांना कळत होतं; आमच्या अकरा सल्लागारांना चेंडू गोल असतो इतपत कळलं होतं. मग आजींच्या बरोबरच्या निंदायला जाणाऱ्या चौघी. मग ऊसतोडीच्या टोळीतली पोरं. मग सौ., ज्या 'दळण टाकायला' निघाल्या होत्या आणि गिरणी पटांगणाच्या विरुद्ध दिशेला आहे. चौथ्या आठवड्यात मी मोजले, एकोणीस निघाले. शेळी धरून वीस. बार्सिलोनाला 91,628 कमी पडतात, पण आमच्या वाढीचा वेग बघा: दोनावरून वीस. या वेगानं बार्सिलोना चार महिन्यांत मागं पडते. हे गणित मी मंडळाकडूनच शिकलो.

आणि रविवारी मंडळाचं उद्घाटन ठरलं. जागा तीच, शाळेचं पटांगण. मांडव गोलपोस्टच्या विटांवरच पडला; विटा स्टेजच्या पायाखाली कामाला आल्या. चारशे खुर्च्या, दोन डीजे-बॉक्स, एक कमान. पोरी चारला आल्या तर स्वयंसेवकानं त्यांना हटकलं, "आज खेळ नाही. आज मुलींच्या फुटबॉलचा कार्यक्रम हाय." पोरी काही बोलल्या नाहीत. शेजारच्या वावरातला कांदा नुकताच निघाला होता. त्या बांध ओलांडून तिकडं गेल्या. आबा बघत होते. वहिवाट म्हणून सोडून दिलं असावं.

पाहुणे सव्वासहाला आले. अहिल्यादेवींच्या जिल्ह्यात आणि साडेतीन शक्तिपीठं एकाच जागी नांदतात त्या गावात स्त्रीशक्तीला पाठिंबा देण्याचं भाग्य लाभलं, असं आठ वक्त्यांनी आळीपाळीनं सांगितलं. नवव्याच्या वेळी माझं लक्ष मागच्या रांगांकडे गेलं. खुर्च्या होत्या, माणसं नव्हती. आधी आजी उठल्या होत्या, मग निंदणाऱ्या चौघी, मग रांगच्या रांग. पैठणीच्या सोडतीची कुपनं खुर्च्यांवर तशीच पडली होती. साउंडवाला पोरगा माइक चालू ठेवून बांधावर जाऊन बसला होता. अध्यक्ष बोलायला उभे राहिले तेव्हा पुढं बेचाळीस जण होते, आणि तिकडं वावरात कसला तरी कल्ला उठला.

त्याच क्षणी चेंडू आला. मांडवाच्या झालरीवरून घसरून स्टेजवर, आणि सरळ अध्यक्षांच्या हातात. मंडळ स्थापन झाल्यापासून त्यांनी फुटबॉल पहिल्यांदाच हाताळला असेल. पाठोपाठ एक पोरगी धावत आली, पायाला माती, एकाच पायात बूट. अध्यक्षांचा हात सवयीनं शालीकडे गेला, फोटोग्राफर पुढं सरसावला.

"काका, फोटो मागनं काढा," ती म्हणाली. "कॉर्नर आमचाय."